गॅस म्हणायचं नाही

अजूनही कोणी ना कोणी येतं. हल्ली बहुतेक तरुण पोरं असतात. माझा तेव्हाचा वैमानिक फोल्कर्ट ओन्केन स्वतः बोलत नाही, तो त्यांना माझा पत्ता देऊन मोकळा होतो. मग ही पोरं माझ्या खोलीत बसून वह्या काढतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते जेट किती वेगाने उडायचं? मी सांगतो, ताशी आठशेच्या वर. पोरं खूश. दुसरा प्रश्न: ओन्केन साहेबांनी एकूण विमानं किती पाडली? एकवीस. पोरं आणखी खूश. ते जेट रात्री खाली कसं उतरायचं, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. वर जाणं सोपं असतं हो. माझी त्या वेळची सगळी भीती आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य त्या उतरण्यात अडकलेलं आहे. कोणी विचारत नाही म्हणून मी सांगत नव्हतो. आज आपणहून सांगतो.

मी आल्विन झोबेल. जर्मनीत, थुरिंगियातल्या एका लहान गावाच्या तारघरात तारा घ्यायचो. कान चांगला, म्हणून युद्धात मला रेडिओवाला केलं आणि रात्रीच्या शिकारी विमानात लेफ्टनंट फोल्कर्ट ओन्केनच्या पाठीमागे बसवलं. ते जुनं, दोन पंख्यांचं विमान. पुढे तो, मागे मी, मध्ये एक पातळ पत्रा. साडेतीन वर्षं मी त्या माणसाची मान बघत काढली. आमच्यात एक रीत होती, बहुतेक जोड्यांत असायची. जमिनीवर तो ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’. चाकं जमिनीवरून सुटली की ‘तू’. चाकं टेकली की पुन्हा साहेब. वर मरायची वेळ आली तर ‘साहेब’ म्हणण्याइतका श्वास कोणाकडे असतो?

त्याला एक खोड होती. उतरताना तो विमान जरा जास्तच खाली येऊ द्यायचा. मग मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघायचो आणि म्हणायचो, ‘गॅस!’ माझा शब्द पुरा व्हायच्या आत त्याच्या डाव्या हाताने गॅसचा, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा, दांडा पार पुढे ढकललेला असायचा. इंजिनं डरकाळी फोडायची, आम्ही कुंपणावरून उडी मारल्यासारखे पुढे जायचो आणि नीट टेकायचो. असं किती वेळा झालं याचा हिशेब मी ठेवला नाही. पुढे पुढे त्या शब्दासाठी त्याला विचारच करावा लागत नसे. मी म्हणायचं आणि त्याचा हात हलायचा.

चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात आम्ही एका मोठ्या बॉम्बरच्या पोटाखाली शिरलो. त्यात बॉम्ब नव्हते, बाकीच्यांना बॉम्बची जागा दाखवायला टाकतात ते रंगीत खुणेचे दिवे भरलेले होते. फोल्कर्टने गोळ्या झाडल्या आणि आमच्यापासून हाताच्या अंतरावर एक लाल-हिरवा सूर्य फुटला. मी त्या क्षणी माझ्या रडारच्या पडद्यावर वाकलो होतो म्हणून वाचलो. तो थेट त्याच्याकडे बघत होता. त्यानंतर दिवसा त्याला गरुडासारखं दिसायचं, डॉक्टरांच्या भिंतीवरची सर्वांत बारीक अक्षरं तो घडाघडा वाचायचा. पण अंधार पडला की प्रत्येक दिवा त्याच्या डोळ्यांत पसरायचा. धावपट्टीच्या दोन रांगा त्याला दिसायच्याच नाहीत, नुसता एक धुरकट पिवळा डाग दिसायचा. त्या हिवाळ्यात प्रत्येक रात्री विमान त्याने चालवलं आणि उतरवलं माझ्या तोंडाने. डावीकडे थोडं. सरळ. उंची ठीक. गॅस. ही गोष्ट फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती.

सांगितलं का नाही? एक तर सांगितलं असतं तर त्याचे पंख गेले असते आणि त्याच्या मागोमाग माझी खुर्ची. दुसरं म्हणजे त्याचा घसा दुखत होता. आमच्याकडे ज्याला गळ्यात शौर्यपदकाचा क्रॉस पडायची घाई झालेली असे, त्याच्याबद्दल आम्ही असंच म्हणायचो: याचा घसा दुखतोय. फोल्कर्टची तोवर एकोणीस झाली होती. प्रत्येक विमानात सात माणसं. हा गुणाकार मी तेव्हा कधीच केला नाही. युद्ध संपल्यावर झोप येईना, तेव्हा केला.

फेब्रुवारीत पेट्रोल संपलं. आमची तुकडी मोडली आणि माणसं पायदळात वाटली जाऊ लागली. एवढ्यात निरोप आला, रात्रीच्या जेटसाठी वैमानिक हवेत. जेट पेट्रोलवर चालत नाही, त्याला डिझेलसारखं जाडंभरडं तेल चालतं आणि ते अजून होतं. फोल्कर्टने हात वर केला. मी त्याला बराकीच्या मागे गाठलं. असा राग मला आयुष्यात पुन्हा आला नाही.

“साहेब, त्यात मागची खुर्चीच नाही,” मी म्हणालो.

“माहीत आहे.”

“मग तुम्हाला दिवे कोण दाखवणार? तुमचे आजोबा?”

“दोन खुर्च्यांचं येतंय. तीन आठवड्यांत येईल. सगळे म्हणतात.”

“सगळे तर आपण जिंकतोय असंही म्हणतात.”

त्याने आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग म्हणाला, “झोबेल, तोंड आवर. दुसरा रस्ता कोणता आहे? ओडर नदीवरचा, रशियनांसमोरचा खंदक. तिथे तर सगळं रात्रीच चालतं. तिथे माझे हे डोळे घेऊन मी काय करू? निदान इथे तू असशील.”

“कुठे असेन? पंखावर बसू?”

“खाली. धावपट्टीच्या दिव्यांच्या गाडीत. मी बोललोय तिथल्या मोठ्या साहेबांशी. तू खालून बोल, मी वरून ऐकेन.”

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं. माझ्या आवाजाशिवाय या माणसाला घरी येता येत नाही, याचा मला गर्व होता. आंधळ्याची काठी होण्यातसुद्धा एक तोरा असतो.

नवं विमानतळ माग्डेबुर्गच्या पलीकडे, पाइनच्या रानात होतं. शहर जानेवारीत जळून गेलं होतं, वारा तिकडून आला की अजून वास यायचा. धावपट्टीवरचे खड्डे बुजवायला पट्टेरी कपड्यांतले कैदी आणत. ते थंडीत कसे उभे राहत ते दिसत होतं, आणि आम्ही तिकडे बघत नव्हतो. रोज त्यांच्याजवळून जायचो. डोळ्यांचा आजार एकट्या फोल्कर्टला नव्हता, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

जेटचा मिस्त्री होता क्रिस्पिन लोझे, सॅक्सनीचा. बुटका, तोंडाळ, इंजिनांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम करणारा. पोरं मात्र नाजूक होती, वीस-बावीस तासांत मरायची. पहिल्याच दिवशी त्याने फोल्कर्टला खुर्चीत बसवलं आणि त्याचा डावा हात स्वतःच्या काळ्या हातात धरला.

“लेफ्टनंट साहेब, पंख्याच्या विमानातलं सगळं विसरलात तरी चालेल, पण आधी हे विसरा,” तो म्हणाला. “दांडा झटक्याने पुढे न्यायचा नाही. नेलात तर इंजिन विझेल, नाहीतर जळेल. हळू. दहा आकडे मोजा. पोरगी पहिल्यांदा चर्चला निघाल्यासारखी निघाली पाहिजे ती.”

“आणि खाली उतरताना कमी पडलं तर?”

“कमी पडू द्यायचं नाही. चाकं सोडलीत, वेग उतरवलात की पुन्हा वर उठणं विसरा. एकच संधी. म्हणून तर दोन इंजिनं आहेत, एकासाठी रडायला दुसरं.”

लोझे हसला. फोल्कर्टही हसला. मी मात्र त्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो, कारण मला तो हात माहीत होता. त्या हाताला साडेतीन वर्षं मीच शिकवलं होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही बराकीत दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या. पुढच्या खुर्चीत फोल्कर्ट, डाव्या हातात झाडूचा दांडा, डोळ्यांवर मफलर. मागे मी. मी त्याला सांगितलं की आजपासून गॅस हा शब्द आपल्यात मेला. चुलीचा गॅससुद्धा म्हणायचा नाही. मग कमी पडलं तर काय म्हणायचं? त्यावर तोच म्हणाला, आजोबा. त्याचे आजोबा फ्रीसलँडच्या किनाऱ्यावर समुद्राच्या बंधाऱ्याचं दार राखायचे. भरतीच्या वेळी दाराचं चाक ते असं फिरवायचे की बघणाऱ्याला झोप यावी. घाई केली तर पाणी भिंत फोडतं. तेव्हा ठरलं: मी म्हणायचं ‘आजोबा’ आणि त्याने दहा आकड्यांत दांडा पुढे न्यायचा.

रोज दुपारी शंभर वेळा. लोझे दारात उभा राहून आम्हाला चिडवायचा, की जर्मन हवाईदलाची शेवटची आशा चेटकिणीसारखी झाडूवर बसली आहे, आता फक्त काळी मांजर हवी. मध्येच परीक्षा म्हणून तो मागून ओरडायचा, “गॅस!” पहिल्या दिवशी फोल्कर्टने झाडू भिंतीवर आदळला. चौथ्या दिवशीही आदळला. आठव्या दिवशी लोझे ओरडला तेव्हा हात जागचा हलला नाही, तेव्हा आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. पण मला एक गोष्ट सुचली नाही. आम्ही हात शिकवत होतो त्याचा, आणि शब्द तर माझ्या तोंडात होता. माझी परीक्षा कोणी घेतलीच नाही.

मार्च लागला. शत्रूची लाकडी, चपळ विमानं रोज रात्री आठ-नऊच्या सुमाराला बर्लिनवर यायची, त्यांना गाठू शकेल असं आमच्याकडे जेटशिवाय काही नव्हतं. वर त्याला अडचण नव्हती. शोधदिव्यांच्या झोतात सापडलेलं विमान अर्ध्या आंधळ्यालाही दिसतं. अडचण खाली होती. उडण्याआधी सगळे वैमानिक लाल चश्मे लावून अंधाऱ्या खोलीत बसत, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. फोल्कर्टही लावायचा. त्याच्या बाबतीत ते म्हणजे टकल्याला कंगवा. आम्ही तिघं पत्ते खेळायचो. लाल चश्म्यातून बदाम आणि चौकट कोरे दिसतात, त्यामुळे लोझे बेधडक फसवायचा आणि आम्ही फसवून घ्यायचो.

मग भोंगा व्हायचा, तो जायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. धावपट्टीच्या टोकाला माझी गाडी उभी असे. आत रेडिओ, टेलिफोन आणि दिव्यांची कळ. कळीजवळ एक म्हातारा शिपाई. दिवे जेमतेम एक मिनिट लावायचे, कारण शत्रूची विमानं आमच्या रानावर टपून असत आणि दिवा दिसला की झेपावत. त्या एका मिनिटात मी त्याला आणायचं. पहिल्या रात्री मी जवळजवळ घोळ केला होता. जुन्या सवयीने मी आवाजावरून अंतर धरलं, पण जेट आपल्या आवाजाच्या पुढे पळतं. कानांनी सांगितलं ते अजून झाडांवर आहे आणि ते माझ्या डोक्यावरून गेलं. तेव्हापासून मी कान सोडून डोळे वापरायला शिकलो. इंजिनांच्या मागच्या दोन निळसर ज्वाळा शोधायच्या आणि त्यांच्याशी बोलायचं. एक आठवडा गेला. सहा वेळा मी त्याला खाली आणलं. दोनदा ‘आजोबा’ म्हणालो आणि दोन्हीदा आजोबा वेळेवर आले. त्याची दोन विमानं झाली. मी साडेसहा किलो उतरलो.

त्याच्या बायकोचं, गेस्काचं, मला एक पत्र आलं. आत कागदाच्या पुडीत मूठभर चहा. फ्रीसलँडची माणसं चहावर जगतात. कपात खडीसाखर, वरून चहा, कडेने साय, आणि तीन कपांच्या आत उठलात तर घरच्यांचा अपमान. चहा युद्धाआधीचा होता, तिने कुठे दडवला होता देव जाणे. लिहिलं होतं, ‘हा त्याला देऊ नका, तो एका दिवसात संपवेल. तुम्ही ठेवा. तो पायांनी चालत घरी आला की आपण तिघं पिऊ.’ मी ती पुडी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

तळावरच्या डॉक्टरांना संशय आला तो लोझेच्या बडबडीमुळे. फोल्कर्ट साहेब दिवसा टाचणी टोचावी तसं विमान टेकवतात आणि रात्री पोतं टाकल्यासारखं, असं तो जेवताना म्हणाला होता. डॉक्टरांनी मला बोलावलं. थकलेला माणूस, बोटं आयोडीनने पिवळी. त्यांनी दार लावलं.

“झोबेल, तू त्याच्या मागे साडेतीन वर्षं बसलायस,” ते म्हणाले. “मला एवढंच सांग. त्याला रात्री दिसतं का?”

खिडकीबाहेर स्वच्छ ऊन होतं. मी त्या उन्हाकडे बघत म्हणालो, “दिसतं, साहेब. माझ्यापेक्षा चांगलं.”

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. खोटं त्यांना कळलं असावं. पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं, आणि कागदावर लिहायला त्यांना माझं वाक्य मिळालं होतं. दोन खुर्च्यांचं विमान येईपर्यंतचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगत बराकीत परतलो. दहा दिवस, फार तर बारा.

ते आलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, नाकावर सांबरशिंगासारख्या तारा लावलेलं. फोल्कर्ट आणि मी धावतच गेलो. लोझेने शिडी धरली आणि मी मागच्या खुर्चीत चढून बसलो. पुढच्या खुर्चीची पाठ दिसली आणि मला, मोठ्या माणसाला, रडू आलं. पाव तासात मोठ्या साहेबांचा हुकूम आला: हे विमान दुसऱ्या जोडीला, ती या कामाचं रीतसर शिक्षण घेऊन आली आहे. ओन्केन एकटाच चांगला उडतो, डॉक्टरांचा कागद सांगतो की डोळे उत्तम. मी जे बोललो होतो तेच माझ्या पुढ्यात आलं.

मी थेट डॉक्टरांकडे गेलो. या वेळी खरंच सांगायला गेलो होतो, वाक्य ठरवून. खोली बंद होती. परिचारक म्हणाला, शहराजवळ आगगाडीवर बॉम्ब पडलेत, डॉक्टर तिकडे गेलेत, उद्या सकाळी ये. मी पायऱ्या उतरलो आणि मला कळलं की मला हायसं वाटतंय. ते हायसं वाटणं मी विसरलेलो नाही. मोठ्या साहेबांकडे जाता आलं असतं. मी गेलो नाही. उद्या सकाळी, असं म्हणालो.

त्या संध्याकाळी फोल्कर्टने पत्त्यांचा एकही डाव धड खेळला नाही. निघताना चश्मा काढून माझ्या हातात दिला आणि जमिनीवर पहिल्यांदाच माझं पहिलं नाव घेऊन म्हणाला, “आल्विन, आज आवाज बसलेला वाटतो तुझा. गरम काहीतरी पी.” मी म्हणालो, “जी, साहेब.”

सव्वानऊला तो परतला. रेडिओवर त्याचा आवाज शांत होता, तेल कमी आहे, एवढंच म्हणाला. म्हणजे थांबायची सोय नाही. म्हाताऱ्याने कळ दाबली, दिवे लागले. ज्वाळा दिसल्या, दोन्ही. मी बोलायला लागलो. डावीकडे थोडं. अजून थोडं. सरळ. चाकं? चाकं खाली, तो म्हणाला. उंची ठीक. आणि टेलिफोन किंचाळला: शत्रू विमानतळावर, दिवे बंद. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी नको नको म्हणून हात हलवला, पण हुकूम तो हुकूम. दिवे गेले.

फोल्कर्टला तसाही डागच दिसत होता. आता तोही गेला. मला वाटतं, त्या डागाकडे झुकायची त्याला सवय झाली होती, आणि डाग गेल्यावर तो नुसताच झुकला. रानाच्या काळ्या कडेवर मला त्या दोन ज्वाळा दिसल्या, आणि त्यांच्या उजेडात खाली काहीतरी चमकलं. तो पाइनचा शेंडा होता. ज्वाळेच्या उजेडात मला झाडाच्या सुया दिसत होत्या.

मी म्हणालो, “गॅस!”

लोक म्हणतात की अशा वेळी काळ थांबतो. काही थांबत नाही. उजवी ज्वाळा लांब पिवळी झाली आणि विझली. डावीही विझली. दोन इंजिनांची ती शिट्टी थांबली, आणि मग शांततेत फांद्या मोडत जाण्याचा आवाज आला, बराच वेळ. माझ्या हातात रेडिओचा कर्णा होता. त्यात मी म्हणत होतो, आजोबा, आजोबा, आजोबा. म्हाताऱ्याने तो माझ्या हातातून काढून घेतला.

तेल संपत आलेलं असल्याने आग लहान लागली. लोझेने त्याला बाहेर ओढलं, स्वतःचे दोन्ही हात भाजून घेतले. कागदावर मोठ्या साहेबांनी लिहिलं, शत्रूच्या गोळीबाराने. त्यांना आणखी चौकशी नको होती. मला कोणी काही विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही.

बारा दिवसांनी मला त्याला भेटू दिलं. शाळेच्या वर्गात खाटा लावल्या होत्या, फळ्यावर अजून कोणाची तरी गणितं होती. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता. खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे त्याने मला दारातूनच ओळखलं. मी टोपी काढून उभा राहिलो. वाक्य ठरवून आलो होतो, तरी ते वेडंवाकडंच निघालं.

“साहेब, इंजिन आपोआप नाही विझलं. मी म्हणालो म्हणून. मी गॅस म्हणालो.”

“ऐकलं मी,” तो म्हणाला.

“ऐकलंत?”

“माझा हात दांड्यावरच होता. खाली आलोय हे मला पोटात कळलं होतं. मी आकडे मोजायला सुरुवात केली होती, तीनपर्यंत आलो होतो. आणि तू म्हणालास.”

“पण तुम्हाला माहीत होतं. लोझेने शंभरदा सांगितलं होतं. आपण झाडू घेऊन…”

“माहीत होतं. ढकलताना सुद्धा माहीत होतं.” तो छताकडे बघत होता. “आल्विन, लोझे ओरडला असता तर माझा हात हलला नसता. आवाज तुझा होता. तुझं ऐकायचं की नाही, असा विचार मी कधी केलाय का? आता काय नव्याने सुरू करणार होतो?”

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जगलो असतो. मी शर्टातून चहाची पुडी काढून त्याच्या उशाशी ठेवली. त्याने वास घेतला आणि विचारलं, हा किती दिवस तुझ्याकडे आहे? मी सांगितलं. “चोर,” तो म्हणाला. चार दिवसांनी अमेरिकन आले आणि आम्हाला वेगवेगळ्या छावण्यांत पाठवलं.

त्या गोष्टीला एक जन्म झाला. लोझे गेला, गेस्का गेली. फोल्कर्ट बंधाऱ्याजवळच्या त्या आजोबांच्याच घरात राहतो, लाकडी पायावर. मी दर वर्षी मार्चच्या शेवटी जातो. आम्ही तीन कप चहा पितो. खडीसाखर तडकते तेव्हा दोघंही बोलायचं थांबतो. आता आम्ही एकमेकांना सगळीकडेच ‘तू’ म्हणतो, चाकं कायमची टेकलेली असूनही.

चहा झाला की त्याला बंधाऱ्यावर जायचं असतं. परत येईतो अंधारतं. त्याच्या डोळ्यांना आता संध्याकाळीच काही दिसत नाही, आणि काठी तो घेत नाही, गर्व. तो पुढे चालतो, मी मागे. बंधाऱ्याच्या सतरा दगडी पायऱ्या आहेत, झिजलेल्या, एका बाजूला समुद्र. मी मागून बोलतो. डावीकडे थोडं. सरळ. आता पायरी.

प्रत्येक पायरीच्या आधी माझं तोंड बंद पडतं. शब्द बरोबर आहे ना, हे मी आतल्या आत दोनदा तपासून बघतो. आणि तेवढा वेळ फोल्कर्ट लाकडी पाय हवेत धरून अंधारात उभा असतो, मी बोलायची वाट बघत.